जुनी डिझेल एसयूव्ही आणि नवी हायब्रिड मोटार : किंमत, खर्च आणि समाजहित

घराच्या खालोखाल मोटार ही भारतातील मध्यम व उच्च मध्यमवर्गीय कुटुंबाची सर्वांत मोठी खरेदी असते. वरकरणी हा निर्णय पूर्णपणे खाजगी असतो. परंतु मोटार रस्त्यावर येताच तिचा संबंध देशाच्या तेल-आयातीशी, शहराच्या हवेशी, शासनाच्या करमहसुलाशी आणि रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या माणसाच्या आरोग्याशी जडतो. त्यामुळे ‘कोणती मोटार स्वस्त?’ या साध्या प्रश्नाला दोन उत्तरे संभवतात. एक उत्तर खरेदीदाराच्या हिशेबाचे, तर दुसरे समाजाच्या हिशेबाचे. या दोन उत्तरांतील अंतर हाच पर्यावरणीय अर्थशास्त्राचा गाभा होय.

हे अंतर समजून घेण्यासाठी दोन टोकांची उदाहरणे उपयुक्त ठरतात. एका बाजूस दहा-बारा वर्षे वापरलेली, दणकट, स्वस्तात मिळणारी डिझेल एसयूव्ही आणि दुसऱ्या बाजूस पेट्रोल इंजिन व विद्युत मोटर यांचा संयोग असलेली नवी, आलिशान हायब्रिड मोटार. पहिली विकत घेण्यास स्वस्त, पण इंधन अधिक पिणारी व अधिक धूर सोडणारी. दुसरी चालविण्यास स्वस्त व स्वच्छ, पण विकत घेण्यास अतिशय महाग. या तुलनेतून मालकी खर्च, घसारा, संधी खर्च, बाह्यता, माहितीची असममितता आणि करांचे स्वरूप अशा अनेक संकल्पनांचा उलगडा होतो.

दोन तंत्रज्ञाने, दोन स्वभाव

डिझेल इंजिनात ठिणगीऐवजी हवेच्या तीव्र दाबाने निर्माण झालेल्या उष्णतेमुळे इंधन पेटते. दाबाचे प्रमाण अधिक असल्याने अशा इंजिनाची कार्यक्षमता साध्या पेट्रोल इंजिनापेक्षा जास्त असते आणि कमी वेगातही ते मोठी ओढ देते. अवजड वाहनांसाठी ते पसंतीस उतरले ते याच गुणामुळे. परंतु याच ज्वलनपद्धतीमुळे नायट्रोजनची ऑक्साइडे आणि काजळीचे सूक्ष्म कण अधिक निर्माण होतात. त्यांना अडविण्यासाठी कणगाळणी व रासायनिक शुद्धीकरणाची यंत्रणा बसवावी लागते. दशकभरापूर्वीच्या बहुतेक भारतीय डिझेल मोटारींत ही यंत्रणा नव्हती.

हायब्रिड मोटारीचे तत्त्व वेगळे आहे. साधी मोटार ब्रेक लावते तेव्हा तिची गतिज ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. हायब्रिड मोटारीत विद्युत मोटर त्या वेळी जनित्राचे काम करते व ती ऊर्जा बॅटरीत साठविते. सिग्नलवर इंजिन बंद राहते आणि मंद गतीत वाहन बरेचदा विजेवरच चालते. म्हणूनच तिचा खरा लाभ थांबत-सुरू होत चालणाऱ्या शहरी वाहतुकीत दिसतो. मोकळ्या महामार्गावर तो बराच घटतो. या मोटारीला बाहेरून विजेची जोडणी लागत नाही. तिची सर्व ऊर्जा अखेर पेट्रोलमधूनच येते. त्यामुळे तिला विद्युत मोटारीच्या पंक्तीत बसविणे योग्य नव्हे.

‘टोयोटा प्रियस’ ही हायब्रिड मोटार जपानमध्ये १९९७ च्या डिसेंबरात आणि भारतात २०१० मध्ये विक्रीस आली. २०१३ पासून कर्नाटकातील बिडदी येथे ‘कॅमरी हायब्रिड’चे उत्पादन सुरू झाले. २०२२ नंतर तुलनेने कमी किमतीच्या हायब्रिड मोटारीही बाजारात आल्या आणि हे तंत्रज्ञान केवळ श्रीमंतांपुरते उरले नाही. पुढील विवेचनात ही बाब महत्त्वाची ठरते.

जुन्या डिझेल मोटारींचा वारसा

आज वापरलेल्या मोटारींच्या बाजारात दिसणाऱ्या डिझेल एसयूव्ही या बऱ्याच अंशी एका किंमतधोरणाची अपत्ये आहेत. शेतीचे पंप, ट्रॅक्टर, मालवाहतूक व सार्वजनिक बससेवा यांवर भार पडू नये म्हणून डिझेलचा दर दीर्घकाळ नियंत्रित ठेवण्यात आला. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये नियंत्रणमुक्त झाले; डिझेलच्या बाबतीत मात्र जानेवारी २०१३ पासून टप्प्याटप्प्याने वाढ करीत ऑक्टोबर २०१४ मध्ये पूर्ण नियंत्रणमुक्ती झाली. मधल्या काळात, २०१२ मध्ये, दिल्लीत पेट्रोल व डिझेल यांच्या दरांतील तफावत लिटरमागे ३० रुपयांहून अधिक झाली होती.

शेतकऱ्यासाठी व बसप्रवाशासाठी असलेल्या या सवलतीचा लाभ मोठ्या खाजगी मोटारींच्या मालकांनाही मिळू लागला. लक्ष्यगटाबाहेरील व्यक्तीस लाभ मिळणे याला अनुदानाची गळती म्हणतात. ग्राहकांनी या किंमतसंकेताला अपेक्षित प्रतिसाद दिला आणि डिझेल मोटारींची मागणी वेगाने वाढली. दरांतील तफावत आटल्यावर हा ओघ ओसरला. परंतु मोटार हे टिकाऊ साधन असल्याने धोरण बदलले तरी त्या काळात विकल्या गेलेल्या मोटारी रस्त्यावरच राहिल्या. किंमतधोरणातील चूक दुरुस्त करता येते, तिने उभारलेला भांडवली साठा मात्र वर्षानुवर्षे टिकतो, हा यातील पहिला धडा होय.

मालकी खर्चाचा हिशेब

मोटारीची खरी किंमत शोरूममधील फलकावर नसते. ती काही वर्षांच्या मालकी खर्चात असते. त्यात इंधन, देखभाल-दुरुस्ती, विमा, घसारा आणि गुंतलेल्या भांडवलाचा संधी खर्च हे पाच घटक येतात. घसारा म्हणजे वापराच्या काळात बाजारमूल्यात झालेली घट. संधी खर्च म्हणजे तीच रक्कम अन्यत्र गुंतविली असती तर मिळाले असते ते उत्पन्न.

स्पष्टीकरणासाठी काही गृहीतके धरू. वापर शहरी, वर्षाला १२,००० किलोमीटर. डिझेलचा दर लिटरला ९० रुपये, पेट्रोलचा १०० रुपये. जुन्या एसयूव्हीचे सरासरी अंतर लिटरला १० किलोमीटर, हायब्रिडचे २० किलोमीटर. जुनी एसयूव्ही ८ लाखांस घेतली व पाच वर्षांनी ३ लाखांस विकली. आलिशान हायब्रिड ५० लाखांस घेतली व २५ लाखांस विकली. तुलना पूर्ण होण्यासाठी २० लाखांस घेतलेली व १० लाखांस विकलेली साधी हायब्रिडही विचारात घेऊ. तिचे इंधन-अंतरही लिटरला २० किलोमीटरच धरू. भांडवलाचा संधी खर्च सरासरी गुंतवणुकीवर ८ टक्के धरला आहे.

तक्ता : वार्षिक मालकी खर्च (रुपये, गृहीतकांवर आधारित)

| घटक | जुनी डिझेल एसयूव्ही | साधी हायब्रिड | आलिशान हायब्रिड |
|---|---|---|---|
| इंधन | १,०८,००० | ६०,००० | ६०,००० |
| देखभाल-दुरुस्ती | ८०,००० | ३०,००० | ४०,००० |
| विमा | २५,००० | ५०,००० | १,२५,००० |
| घसारा | १,००,००० | २,००,००० | ५,००,००० |
| संधी खर्च | ४४,००० | १,२०,००० | ३,००,००० |
| एकूण | ३,५७,००० | ४,६०,००० | १०,२५,००० |

या तक्त्यातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, इंधनाची बचत हा आलिशान हायब्रिड घेण्याचा आर्थिक आधार होऊ शकत नाही. इंधनखर्चात किलोमीटरमागे ४ रुपये वाचतात. परंतु इंधनाव्यतिरिक्त खर्चातील फरक वर्षाला ७,१६,००० रुपयांचा आहे. तो केवळ इंधनाच्या बचतीतून भरून काढावयाचा झाल्यास वर्षाला १,७९,००० किलोमीटर, म्हणजे दररोज सुमारे ४९० किलोमीटर, शहरात मोटार चालवावी लागेल. कोणत्याही कुटुंबाच्या बाबतीत हे अशक्यच आहे.

दुसरा निष्कर्ष असा की, ‘हायब्रिड’ आणि ‘आलिशान’ या दोन गुणांची गल्लत करू नये. साध्या व आलिशान हायब्रिडच्या इंधनखर्चात येथे फरक नाही. साडेपाच लाखांहून अधिक असलेला वार्षिक फरक हा आरामाचा, प्रतिष्ठेचा व नाममुद्रेचा आहे. स्वच्छ तंत्रज्ञानाचा नव्हे. ग्राहकाने ही किंमत स्वखुशीने मोजण्यात गैर काही नाही. मात्र सार्वजनिक धोरणाने ती ‘पर्यावरणासाठी केलेला त्याग’ समजण्याचे कारण नाही.

तिसरा निष्कर्ष, वापर जितका अधिक तितकी हायब्रिडची बाजू भक्कम. साध्या हायब्रिडचा वार्षिक खर्च जुन्या एसयूव्हीपेक्षा १,०३,००० रुपयांनी जास्त आहे. अन्य घटक स्थिर मानले, तर वर्षाला सुमारे ३७,७५० किलोमीटर शहरी प्रवास झाल्यास हा फरक नाहीसा होतो. कुटुंबासाठी हे अंतर फार मोठे आहे. भाड्याने चालणाऱ्या मोटारीसाठी मात्र ते आवाक्यातील आहे. याउलट, महामार्गावर जुन्या एसयूव्हीचे अंतर लिटरला १३ किलोमीटरपर्यंत गेले व हायब्रिडचे २० च राहिले, तर बचत किलोमीटरमागे जेमतेम २ रुपयांवर येते. म्हणूनच मोटार कोठे व किती चालणार, हे विचारल्याविना तिचे अर्थशास्त्र सांगता येत नाही.

वापरलेल्या मोटारींचा बाजार

जुन्या मोटारीच्या हिशेबात एक जोखीम दडलेली असते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये नेमके वापरलेल्या मोटारींचेच उदाहरण घेऊन माहितीच्या असममिततेचा सिद्धांत मांडला. विक्रेत्याला आपल्या मोटारीचे दोष ठाऊक असतात, ग्राहकाला नसतात. ग्राहक चांगल्या व वाईट मोटारींत फरक करू शकत नसल्याने सरासरी किंमतच देऊ करतो. त्या किमतीस चांगल्या मोटारीचा मालक विकण्यास तयार होत नाही आणि बाजारात सदोष मोटारींचे प्रमाण वाढत जाते. या प्रक्रियेस प्रतिकूल निवड म्हणतात. अकरलॉफ यांना २००१ मध्ये मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ओडोमीटरमध्ये केलेला फेरफार, अपघाताचा लपविलेला इतिहास, इंजेक्टर अथवा टर्बोचार्जरची झीज या गोष्टी सहज दिसत नाहीत. तक्त्यातील ८०,००० रुपयांचा देखभाल खर्च ही केवळ सरासरी आहे. एखाद्या वर्षी तो त्याच्या कितीतरी पट होऊ शकतो. हायब्रिडच्या बाबतीत हीच अनिश्चितता बॅटरीभोवती असते. काही कंपन्या बॅटरीवर आठ वर्षांपर्यंत हमी देतात. ती संपल्यानंतर मोटार विकत घेणाऱ्याने बॅटरी बदलण्याचा संभाव्य खर्च किमतीतून वजा करूनच सौदा करणे इष्ट ठरते. हमी, प्रमाणित तपासणी व दुरुस्तीची लेखी नोंद ही असममितता कमी करण्याची साधने होत.

जो खर्च तक्त्यात दिसत नाही

आतापर्यंतचा हिशेब मालकाच्या खिशाचा झाला. वाहनाच्या सायलेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या धुराची किंमत मात्र त्यात कोठेही नाही. एका व्यक्तीच्या कृतीचा बोजा व्यवहाराबाहेरील व्यक्तीवर पडतो व त्याची भरपाई होत नाही, तेव्हा त्यास नकारात्मक बाह्यता म्हणतात. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ ए. सी. पिगू यांनी १९२० मध्ये कल्याणाच्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात खाजगी व सामाजिक हिताच्या या तफावतीचे सविस्तर विवेचन केले. अशी तफावत भरून काढणाऱ्या करास त्यांच्याच नावाने पिगूव्हियन कर असे म्हटले जाते.

धुराचे परिणाम दोन प्रकारचे असतात. कर्बवायूचा परिणाम जागतिक असतो. तो कोठे सोडला याला महत्त्व नाही. एक लिटर डिझेल जळाल्यास सुमारे २.६८ किलो व एक लिटर शुद्ध पेट्रोल जळाल्यास सुमारे २.३१ किलो कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. त्यानुसार वरील उदाहरणातील एसयूव्ही वर्षाला सुमारे ३.२ टन, तर हायब्रिड सुमारे १.४ टन कर्बवायू सोडेल. फरक सुमारे १.८३ टनांचा. आलिशान हायब्रिडसाठी मोजावा लागणारा ६,६८,००० रुपयांचा जादा वार्षिक खर्च या फरकाने भागल्यास टनामागे सुमारे ३,६५,००० रुपये पडतात. साध्या हायब्रिडच्या बाबतीत हाच आकडा सुमारे ५६,००० रुपये येतो. केवळ कर्बवायू कमी करण्यासाठी आलिशान मोटार हा अत्यंत खर्चिक मार्ग ठरतो. शिवाय नवी मोटार तयार करताना पोलाद, अॅल्युमिनियम व बॅटरी यांच्या निर्मितीत काही टन कर्बवायू आधीच हवेत गेलेला असतो. त्याची भरपाई व्हायलाच काही वर्षे लागतात.

स्थानिक प्रदूषणाची गोष्ट वेगळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पहिल्या गटात केला. हा धूर नाकातोंडाच्या उंचीवर, दाट वस्तीत सोडला जातो. वाहतूक पोलीस, फेरीवाला, दुचाकीस्वार व शाळेत चालत जाणारे मूल यांना तो टाळता येत नाही. मोटारीत बसलेल्याच्या खिडक्या बंद असतात आणि वातानुकूलन सुरू असते. लाभ एकाचा व हानी दुसऱ्याची, हे येथे प्रत्यक्ष दिसते.

डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवर आधारित वाहन-इंधन धोरण २००३ मध्ये स्वीकारले गेले आणि उत्सर्जन मानकांची टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी झाली. २,५०० किलोपर्यंतच्या डिझेल प्रवासी मोटारीसाठी कणांची मर्यादा भारत स्टेज-३ मध्ये किलोमीटरमागे ५० मिलिग्रॅम, स्टेज-४ मध्ये २५, तर १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या स्टेज-६ मध्ये ४.५ मिलिग्रॅम आहे. नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा अनुक्रमे ५००, २५० व ८० मिलिग्रॅम अशी उतरत आली. डिझेलमधील गंधकाचे प्रमाणही दशलक्ष भागांत ३५० वरून ५० व पुढे १० भागांवर आले. स्टेज-३ व स्टेज-४ च्या काळात २,५०० किलोंहून जड वाहनांना अधिक सैल मर्यादा लागू होती. म्हणजे जुनी मोठी एसयूव्ही केवळ जुनी म्हणून नव्हे, तर जड असल्याची सवलत मिळाल्यामुळेही अधिक धूर सोडण्यास मोकळी होती.

सामाजिक हिशेब मांडताना आणखी एक भेद लक्षात ठेवावा लागतो. वस्तू व सेवा कर किंवा इंधनावरील उत्पादन शुल्क हा मालकासाठी खर्च असला, तरी समाजाच्या दृष्टीने तो साधनसंपत्तीचा व्यय नसून केवळ हस्तांतरण असते. त्यामुळे सामाजिक लाभ-व्यय विश्लेषणात मोटारीच्या व इंधनाच्याही किमतीतून कर वजा केले जातात. मोठ्या नव्या मोटारीच्या किमतीतील कराचा वाटा लक्षणीय असल्याने जुनी एसयूव्ही व साधी हायब्रिड यांच्या भांडवली खर्चातील तफावत समाजाच्या दृष्टीने मालकाच्या दृष्टीपेक्षा कमी असते. दाट वस्तीच्या शहरात धुराची हानी त्यात मिळविली, की पारडे साध्या हायब्रिडकडे झुकू लागते. विरळ वस्तीच्या, कमी वापराच्या ग्रामीण भागात ते तितके झुकत नाही.

करप्रणालीचा संकेत

स्वच्छ व अस्वच्छ वाहनांच्या किमतींत योग्य फरक राखणे हे करधोरणाचे एक उद्दिष्ट असते. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा मोठ्या हायब्रिड मोटारींवर २८ टक्के कर व १५ टक्के उपकर असा एकूण ४३ टक्के भार होता. मोठ्या एसयूव्हीवरील एकूण भार त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ५० टक्क्यांवर गेला. विद्युत वाहनांवरील कर ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के करण्यात आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या फेररचनेत उपकर रद्द होऊन मोठ्या मोटारींसाठी ४० टक्क्यांचा एकच दर आला. त्यामुळे मोठी डिझेल एसयूव्ही व मोठी हायब्रिड यांच्यातील सात टक्के बिंदूंचा फरक संपुष्टात आला. रचना सुटसुटीत झाली. परंतु खरेदीच्या वेळी मिळणारा स्वच्छतेचा किंमतसंकेत या गटापुरता नाहीसा झाला.

वापरलेल्या मोटारींच्या बाबतीत डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेर येथे झालेल्या वस्तू व सेवा कर परिषदेच्या बैठकीत नोंदणीकृत विक्रेत्याच्या नफ्याच्या रकमेवर १८ टक्के असा समान दर ठरला. हा कर विक्रेत्याच्या खरेदी व विक्री किमतींतील फरकावर असतो, संपूर्ण किमतीवर नव्हे, हे परीक्षार्थींनी विशेषत्वाने लक्षात घ्यावे. राज्ये नोंदणी कराद्वारे आपला संकेत देऊ शकतात. महाराष्ट्रात डिझेल मोटारींवरील कराचा दर पेट्रोल मोटारींपेक्षा अधिक ठेवण्यात आला आहे. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये हायब्रिड मोटारींना नोंदणी करातून सूट दिली. अशा सरसकट सवलतीत महागड्या मोटारीच्या ग्राहकास रुपयांत अधिक लाभ मिळतो. सवलतीस किमतीची कमाल मर्यादा घालणे हा त्यावरील सोपा उपाय आहे.

वयाची अट की धुराची?

या चर्चेतील सर्वांत कठीण प्रश्न राजधानी दिल्लीने देशासमोर उभा केला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१५ मध्ये राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांहून जुनी डिझेल वाहने चालविण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ही भूमिका कायम ठेवली. त्याआधी डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने २,००० घनसेंटिमीटर व त्याहून मोठ्या डिझेल मोटारींच्या नोंदणीस तेथे स्थगिती दिली होती. ऑगस्ट २०१६ मध्ये मोटारीच्या किमतीच्या १ टक्का पर्यावरण शुल्काच्या अटीवर ती उठविण्यात आली. बंदीकडून शुल्काकडे झालेला हा प्रवास पिगू यांच्या विचाराचे व्यावहारिक उदाहरण मानता येईल.

वयाची अट अंमलात आणण्यास सोपी असते. नोंदणीची तारीख पाहिली की काम भागते. परंतु ती धुराचे अचूक मोजमाप करीत नाही. २०१० मध्ये भारत स्टेज-४ मानक दिल्ली, मुंबई, पुणे, सोलापूर आदी निवडक शहरांत प्रथम लागू झाले व देशभर त्याची अंमलबजावणी एप्रिल २०१७ मध्ये झाली. त्यामुळे २०१४ मध्ये पुण्यात नोंदलेली मोटार आणि त्याच वर्षी एखाद्या लहान गावी नोंदलेली मोटार यांचे वय समान असले तरी मानके भिन्न असू शकतात. ही विसंगती पुढे न्यायालयीन निर्णयातही विचारात घेतली गेली. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये केवळ वयाच्या कारणावरून मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असा अंतरिम आदेश दिला. डिसेंबर २०२५ मध्ये त्यात बदल करून हे संरक्षण स्टेज-४ व त्यानंतरच्या वाहनांपुरते मर्यादित केले.

वयाच्या अटीचा आणखी एक परिणाम होतो. राजधानी क्षेत्रात किंमत घसरलेली एसयूव्ही ना हरकत प्रमाणपत्र घेऊन अन्य राज्यांत विकली जाते. धूर नाहीसा होत नाही, केवळ त्याचे स्थलांतर होते. नवी हायब्रिड घेणाऱ्याची जुनी मोटार भंगारात न जाता दुसऱ्या शहरात धावत राहिली, तर देशाच्या पातळीवरील लाभ त्या प्रमाणात उणा होतो.

दुसरीकडे, वयाऐवजी प्रत्यक्ष धूर मोजावा म्हटले, तर मोजमापाची साधने तोकडी पडतात. पीयूसी चाचणीत डिझेल वाहनाच्या धुराची केवळ घनता मोजली जाते. नायट्रोजन ऑक्साइडे व सूक्ष्म कणांची संख्या तीत कळत नाही. स्वयंचलित तपासणी केंद्रांचा विस्तार व धावत्या वाहनांचे दूरस्थ मापन यांविना ‘जितका धूर तितका भार’ हे तत्त्व कागदावरच राहील.

न्याय्य संक्रमणाची दिशा

जुनी मोटार विकत घेणारा प्रत्येक जण बेफिकीर असतो असे नव्हे. मोठ्या कुटुंबास, लहान व्यावसायिकास किंवा खराब रस्त्यांच्या भागात राहणाऱ्यास आठ लाखांत मिळणारे सात आसनी वाहन ही गरज असू शकते. त्याच्याकडून ते काढून घ्यावयाचे व पन्नास लाखांच्या मोटारीस करसवलत द्यावयाची, हे समतेच्या कसोटीवर टिकणारे नाही. तथापि, त्याच्या वाहनाचा धूर ज्यांच्या फुप्फुसात जातो ते बहुतेकदा त्याच्याहूनही गरीब असतात, ही बाजूही तितकीच खरी आहे.

या दोहोंचा मेळ घालण्यासाठी काही पावले टाकण्यात आली आहेत. २०२१ च्या वाहन मोडीत धोरणानुसार अधिकृत केंद्रात जुने वाहन मोडीत काढल्यास नव्या खाजगी वाहनावरील मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद झाली. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांहून जुन्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आले. बॅटरीच्या विल्हेवाटीसाठी २०२२ चे नियम, तर आयुर्मान संपलेल्या वाहनांसाठी एप्रिल २०२५ पासून अंमलात आलेले नियम उत्पादकांवर विस्तारित जबाबदारी टाकतात. मात्र करातील सवलत नवी मोटार घेऊ शकणाऱ्यालाच उपयोगी पडते. जुन्या वाहनाच्या बदल्यात तुलनेने नव्या, स्टेज-६ मानकाच्या वापरलेल्या वाहनासाठीही काही साहाय्य मिळाल्यास त्याचा लाभ खालच्या उत्पन्न गटांपर्यंत पोहोचू शकेल.

हायब्रिडकडूनही अवास्तव अपेक्षा बाळगणे उचित नाही. कार्यक्षमता वाढली की प्रतिकिलोमीटर खर्च घटतो व वापर वाढतो, हे निरीक्षण विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये कोळशाच्या संदर्भात नोंदविले होते. हायब्रिड मोटारही रस्त्यावर जवळपास तितकीच जागा व्यापते, वाहतूक कोंडीत तितकीच भर घालते आणि तिच्या टायरांची झीजही हवेत कण सोडते. आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करणाऱ्या देशासाठी तिचे इंधनबचतीचे मोल निश्चित आहे. तथापि एका बसची जागा अनेक हायब्रिड मोटारी घेऊ शकत नाहीत.

सारांश, खरेदीदाराच्या हिशेबात जुनी डिझेल एसयूव्ही स्वस्त ठरते, कारण तिच्या धुराचे देयक तिच्या मालकाकडे येत नाही. आलिशान हायब्रिड स्वच्छ असली तरी तिच्या किमतीतील मोठा भाग स्वच्छतेचा नसून ऐषारामाचा आहे. म्हणून शासनापुढील प्रश्न या दोहोंपैकी एकीची निवड करण्याचा नाही. धुराला योग्य किंमत लावणे, ती मोजण्याची विश्वासार्ह यंत्रणा उभारणे आणि त्या किमतीचा भार पेलू न शकणाऱ्यांना परवडणारा स्वच्छ पर्याय उपलब्ध करून देणे, हे ते खरे कार्य होय. सार्वजनिक वाहतूक सक्षम झाली, तर मोटार निवडण्याची वेळच अनेक कुटुंबांवर येणार नाही. आणि रस्त्याच्या कडेने शाळेत चालत जाणाऱ्या मुलाच्या दृष्टीने तोच सर्वांत लाभदायक पर्याय ठरेल.